लोणच्याचं गाडगं

परळावरची पत्रावळ बाजूला केली आणि मनकर्णाबाईंचा हात भाकरीच्या तुकड्यासकट तिथंच थांबला.

परळ म्हणजे मातीची पसरट थाळी. तीत आदल्या सांजेला कालवलेलं लोणचं होतं. गाजराच्या बोटाएवढ्या फोडी, मुळ्याच्या चकत्या, ओली हळद, आलं, हिरव्या मिरच्या, फेसलेली मोहरी आणि भरपूर लिंबू. असल्या लोणच्याला मुरायला महिने लागत नाहीत. सांजेला कालवावं, सकाळी खायला घ्यावं, दोन-तीन दिवसांत संपवावं. रात्रभरात त्याला पिवळाधमक रस सुटतो. मनकर्णाबाईंच्या परळातला रस मात्र निळसर हिरवा होता, डबक्याच्या कडेला शेवाळलेला दगड असतो तसा.

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकल्या. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव होती.

"शकुन!" त्या ओरडल्या. "काल चुलीकडं आली होती का तू?"

शकुन त्यांची सून. ती गोठ्याच्या पलीकडं घोंगडीवर एकटीच बसली होती. तिचा बाजूला बसायचा दुसरा दिवस होता. त्या काळी बायका महिन्यातले ते तीन दिवस घरात कशाला शिवत नसत. कावळा शिवला म्हणायचं आणि दूर बसायचं. त्यांना काही द्यायचं झालं तर हातात देत नसत, जमिनीवर ठेवायचं आणि त्यांनी उचलायचं. लोणच्याला तर फारच जपत. बाजूला बसलेल्या बाईची सावली जरी पडली तरी लोणचं बिघडतं, असं सगळे धरून चालत. मनकर्णाबाईंनी एकदा वर्षाचं आंब्याचं लोणचं उकिरड्यावर ओतलं होतं, कारण शेजारची एक बाई तशातच दारात येऊन उभी राहिली होती.

"नाई आत्याबाई," शकुन म्हणाली.

"खोटं नको बोलू. दिवस बुडताना न्हानीकडं कोन गेल्तं?"

"मी गेल्ती. पन आंगनाच्या त्या कडेनं."

"त्या वक्ताले सावली किती लांब पडते! पाह्य, का करून ठेवलं तुनं ते."

मनकर्णाबाईंनी परळ आणून चार हातांवर ठेवला आणि मागं सरकल्या. सून रडेल, पाया पडेल, असं त्यांना वाटलं होतं. शकुन पुढं वाकली. तिनं रस पाहिला, वास घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"आत्याबाई, हे कोन्या भांड्यात कालवलं होतं?"

"कोन्या म्हंजे? नव्या गंजात."

"पितयेच्या?"

"मंग? पन्नास मानसाचं लोनचं का तुह्या ओंजयीत कालवू?"

वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात. हा गंज घरात कसा आला, ते आधी सांगायला हवं. सातासमुद्रापलीकडं एका देशात लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. जो तो वावरभर कपाशीची पऱ्हाटी लावत होता. लोकांनी मिरचीचे वाफेसुद्धा मोडले होते. त्यामुळं भाजी मिळेना. नत्थुजी म्हणजे मनकर्णाबाईंचे मालक. जातीचे माळी, हट्टाचे पक्के. त्यांनी आपली भाजीची बाडी मोडली नाही. बडनेऱ्याच्या बाजूला आगगाडीच्या वाटेसाठी मातीचा बांध घालायचं काम चालू होतं. तिथं नत्थुजी आणि त्यांचा मुलगा गोवर्धन रोज गाडीभर भाजी नेत. बांधावरचे मजूर कोरडी भाकरी खात; ते लोणचं मागू लागले. मातीच्या गाडग्यात तेवढं मावेना. म्हणून दिवाळीला नत्थुजींनी अमरावतीच्या बाजारातून पितळेचा मोठा गंज आणला. त्या घरातलं ते पहिलं पितळ. गाजर-मुळा निघेपर्यंत त्यात तूर भरून ठेवली होती. काल मनकर्णाबाईंनी तूर काढली, गंज राखेनं घासला, नाकातली नथ त्यात दिसेपर्यंत घासला, आणि पहिल्यांदा त्यात लोणचं कालवलं. पहाटे अंधारात तो तोंड बांधून गाडीत चढवला. त्याआधी अंधारातच घरच्यापुरतं तेवढं गंजातून परळात काढून ठेवलं होतं.

"त्याले कलई होती का?" शकुननं विचारलं.

"कलई का असते?"

शकुन अमरावतीची. तिचं माहेर तांबट आळीला लागून होतं. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा हात देतात, त्याला कल्हई म्हणतात, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असे. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की आंबट त्या पितळेला खातं, पितळ त्या अन्नात उतरतं आणि अन्न कळकतं. ज्या घरात सात पिढ्या मातीच्याच भांड्यात शिजलं, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? गावात कल्हईवाला यायचा तो पाटलाच्या वाड्यापुरता, आणि यंदा तोही आला नव्हता. त्याचे बैल कापूस वाहत होते.

"आत्याबाई, हे कयकलं आहे. हे जहर झालं."

"माह्या हातच्या लोनच्याले जहर म्हनते?"

"मी नऊ वर्साची होती. आमच्या गल्लीत लग्नाची कढी अशीच कयकली. वीस मानसं ओकत पडली. माही लहान बहीन चौथ्या दिवशी गेली." शकुन उभी राहिली. "मामाजी ते बांधावर वाढतीन. पोरंसोरंही खातीन."

तेवढ्यात कुडावरून शेजारच्या गंगूबाईंचं डोकं वर आलं. आरडाओरडा झाला की ते यायचंच.

"का झालं वं, मनकर्णे?"

"लोनचं बिघडलं. सून म्हनते गंजानं बिघडलं."

"आगं माय! एवढा महागाचा गंज, तो काहून बिघडवीन? आमचं लोनचं फुटक्या मडक्यात नाई बिघडत." गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. "सुनेची सावली पडली असन अन् नाव पितयेचं सांगून राहिली."

"तेच म्हनतो मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज आधीसारखा चढला नाही. त्या परळाकडं पाहत होत्या. रसाला कडेनं निळी रेघ आली होती.

दिवस चांगलाच वर आला होता. बांधावर भाकरीची सुट्टी सूर्य डोक्यावर आला की होत असे. तिथं टांगलेला लोखंडाचा तुकडा वाजवत, आणि मजूर पत्रावळी घेऊन गाडीभोवती जमत. गाडीवाटेनं बांध दोन कोस. एवढा हिशेब शकुननं मनात कधीच करून टाकला होता.

आणखी एक गोष्ट तिला आठवत होती. मामाजींचे दात गेलेले. गाजराची फोड त्यांना चावत नसे, ते भाकरी दुधात कुस्करत. पण गोवर्धनला हे लोणचं जिवापाड आवडायचं. तो दुपारची वाट बघणारा नव्हता. नाल्यावरच्या चिंचेखाली न्याहारीला थांबले की पहिली पळी त्याची.

"आत्याबाई," ती हळू म्हणाली, "काल सगळं गंजात मावलं का?"

"नाई. वरचं थोडं गाडग्यात काढलं."

"एकाच वक्ताले कालवलेलं?"

"एकाच हातानं. मीठ तेच, मोहरी तीच. का म्हून विचारते?"

"गाडगं कुठी होतं?"

"चुलीपाशी. गंजाच्या बाजूले."

शकुननं एकदा गंगूबाईंकडं पाहिलं, मग सासूकडं. "मंग ते उघडून पाहा. माही सावली पडली असन तर दोन्हीवर पडली असन. गाडग्यातलंही हिरवं निंघालं तर मी आजच माहेरी जातो, परत येनार नाई."

मनकर्णाबाई जागच्या हलेनात. गाडग्यातलं लोणचं बिघडलेलं निघालं तर त्या खऱ्या ठरत होत्या, सून खोटी. आणि चांगलं निघालं तर? त्यांचा नवरा आणि मुलगा तो गंज घेऊन पहाटेच गेले होते. काय निघावं असं आपल्याला वाटतं, तेच त्यांना कळेना.

"पाहा ना, आत्याबाई. दिवस वर चालला."

त्या आत गेल्या. गाडग्याच्या गळ्याला नत्थुजींनी वळलेली अंबाडीची दोरी होती. ती त्यांनी सोडली. फडकं बाजूला केलं आणि फेसलेल्या मोहरीची झणक सरळ नाकात गेली. रस पिवळाधमक. मुळा पांढरा, गाजर लाल. त्यांनी एक फोड दातांखाली धरली. कडकन मोडली. आंबट, तिखट, हवं तसं खारट. बिघडल्याची खूणही नव्हती.

त्या बाहेर आल्या तेव्हा गाडगं त्यांच्या हातातच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गोवर्धन खाईन."

"हो," शकुन म्हणाली.

"मी जातो. मी सांगतो त्यायले." दोन पावलं टाकून त्या उंबरठ्याला धरून थांबल्या. त्यांचा उजवा गुडघा पाऊस संपल्यापासून धरलेला होता. विहिरीवर जाऊन यायचं तरी दोनदा टेकावं लागायचं. "गंगू, तुहा चंद्रभान कुठी आहे?"

"कापूस घेऊन खामगावले गेला. गावात मानूस आहे कोन? सारे गाडीवर."

ते खरंच होतं. गाव बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं झालं होतं. पळू शकेल असं आंगणात एकच माणूस होतं आणि त्या माणसाला कुणी शिवायचं नव्हतं.

"मी जातो," शकुन म्हणाली.

"तुहं कोन ऐकीन? तुले पाह्यलं तर ते तोंड फिरवतीन. तू कधी त्यायच्यासंग बोलली का? अन् अशी दुसऱ्या दिवसाची, चार लोकात..." मनकर्णाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी हातातल्या गाडग्याकडं पाहिलं. नंतर सुनेकडं. त्यांनी फडकं पुन्हा बांधलं, दोरीची गाठ घट्ट केली, चार पावलं पुढं आल्या आणि गाडगं शकुनच्या पायाजवळ जमिनीवर ठेवलं.

"हे घेऊन जा."

"मनकर्णे!" गंगूबाई किंचाळल्या. "लोनचं! तिच्या हातात!"

"तुहं तोंड मिट." मनकर्णाबाई शकुनकडंच पाहत होत्या. "हे तुह्या हातात पाह्यलं की ते समजतीन. बोला लागनार नाई. उचल. पय."

शकुननं गाडगं उचललं, पदराची चुंबळ केली आणि ती पळाली.

गाडीवाट सोडून तिनं वावरातली वाट धरली. काळ्या जमिनीला हिवाळ्यातच भेगा पडल्या होत्या. नजर पायांकडं ठेवावी तर पऱ्हाटीचे वाळके फाटे पिंडऱ्यांना ओरबाडत होते. एक हात गाडग्याला, एक हात लुगड्याच्या ओच्याला. कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या.

"कोनाची सून वं ते?"

"नत्थुजीची. माहेरी पयून चालली वाट्टे."

"गाडगं घेऊन?"

पाठीमागं हसू फुटलं. शकुननं मान वळवली नाही. शेतांच्या कडेचे धुरे एकामागून एक ओलांडत ती नाल्याशी आली. नाल्याच्या उतारावर कापसाच्या गाड्या एकामागं एक खोळंबल्या होत्या. पुढच्या एका गाडीचा आस मोडला होता. गाडीवान बैल सोडून चिलीम ओढत बसले होते.

"काय वं बाई, लोनचं इकून राहिली का?" एकानं हटकलं. "एक फोड दे ना, तोंड कोरडं पडलं!"

"भाजीची गाडी गेली का इथून?" शकुननं धापा टाकत विचारलं.

"भाजीवाल्याची? केव्हाचीच गेली. न्याहारी केली त्या चिंचेखाली."

ती चिंचेकडं वळली. बुंध्याशी एक पत्रावळ पडलेली होती, पुसून खाल्लेली. तिच्या कडेला मिरच्यांचे देठ एका रांगेत मांडले होते. गोवर्धनला ती सवय होती. मिरची खायची आणि देठ पत्रावळीच्या कडेला ओळीनं ठेवायचा, जसं शेतात रोप लावतात. शकुन घरी पत्रावळी उचलताना ती ओळ रोज बघायची. आज देठ सात होते. पत्रावळीच्या मधोमध हिरवट डाग वाळलेला होता. एवढ्या मिरच्यांच्या तिखटात पितळेची चव त्याला कळली नसणार.

सात मिरच्या म्हणजे त्यांच्याबरोबर गाजर किती गेलं असेल, हे तिला मोजायचं नव्हतं. ती नाल्यात उतरली. पाणी घोट्याएवढंच होतं, पण गार. पलीकडच्या चढावर पाय घसरला, गुडघा दगडावर आपटला. गाडगं तिनं दोन्ही हातांनी वर धरलं. ते फुटलं असतं तर सांगायला काहीच उरलं नसतं.

चढ चढून वर आली आणि तिला बांध दिसला. लांबच लांब, काळ्या मातीचा, त्यावर मुंग्यांसारखी माणसं. सूर्य जवळजवळ डोक्यावर आला होता. अजून पाव कोस असेल. तिच्या छातीत कळ येत होती. ती चालायला लागली, आणि तेवढ्यात लोखंड वाजलं.

ठण. ठण. ठण.

बांधावरची माणसं खाली उतरू लागली. शकुन पुन्हा पळाली.

बांधाच्या पायथ्याशी बाभळीखाली नत्थुजींची गाडी सोडलेली होती. मागच्या बाजूला पितळेचा गंज उन्हात चमकत होता. भोवती माणसं जमली होती. सगळ्यांत पुढं एक सात-आठ वर्षांची मुलगी पानाचा द्रोण दोन्ही हातांनी वर धरून उभी होती. नत्थुजींनी गंजाचं फडकं सोडलं, लाकडी पळी आत घातली, भरून वर काढली.

"मामाजी, वाढू नका!"

पळी हवेत थांबली. भोवतालची माणसं वळली. नत्थुजींना आधी आवाजच ओळखू आला नाही. सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी तिचा आवाज भिंतीआडून ऐकला होता, तोंडासमोर कधी नाही. मग त्यांनी तिला पाहिलं. पदराची चुंबळ झालेली, तोंड उघडं, पाय रक्ताळलेले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लाज नाई का?" ते ओरडले. "कोन मेलं का घरी?"

शकुनला बोलताच येईना. तिनं गाडगं डोक्यावरून उतरवून छातीशी धरलं. नत्थुजींची नजर गाडग्यावर गेली. गळ्याची अंबाडीची दोरी त्यांनी स्वतः वळलेली होती. त्या गाडग्यात काय असतं ते त्यांना माहीत होतं. सून कालपासून गोठ्यापलीकडं बसलीय, हेही घरातल्या सगळ्यांसारखं त्यांना माहीत होतं.

"हे तुले कोनं देलं?"

"आत्याबाईनं."

"खरं सांग. तुनं घेतलं, का तिनं देलं?"

"त्यायनं सोता घरातून आनलं. माह्या पुढं ठेवलं. म्हनल्या, हे घेऊन पय."

पस्तीस वर्षं नत्थुजींनी त्या बाईसोबत काढली होती. घराला आग लागली असती तरी मनकर्णानं अशा दिवसांतल्या सुनेच्या हातात लोणचं दिलं नसतं. ज्या कारणासाठी तिनं ते दिलं, ते आगीपेक्षा मोठं असलं पाहिजे.

त्यांनी पळी गंजात उलटी केली.

"का आहे याच्यात?"

"पितय उतरलं. जहर झालं, मामाजी. याच्यातलं कोनं खाल्लं?"

नत्थुजींनी गाडीकडं मान वळवली.

"ते कुठी आहेत?" शकुननं विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, घाईतही ते तोंडी आलं नाही.

"गाडीखाली पडला. दोनदा ओकला. मले वाटलं, नजर लागली."

मागून कुणी तरी ओरडलं, "ओ बुढे बाबा, वाढता का भजन करता? सुट्टी संपन ना!" दुसरा पुढं सरकून स्वतःच पळीला हात घालू लागला. नत्थुजींनी गंज दोन्ही कानांना धरून उचलला, बांधाच्या मातीसाठी खणलेल्या खड्ड्याकडं नेला आणि सगळं लोणचं त्यात ओतलं. लोकांनी एकच गलका केला. अन्न मातीत टाकतो म्हणून कुणी शिवी दिली, कुणी वेडा म्हणालं. नत्थुजींनी पायानं वर माती लोटली. "ज्याले आपलं पोर प्यारं नसन त्यानं उकरून खा," ते म्हणाले. "माह्या पोरानं खाल्लं. जा, पाहून या गाडीखाली."

दोघे-तिघे वाकून बघून आले आणि पत्रावळी घेऊन मागं सरले.

गोवर्धन कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ पांढरे, कपाळावर थंड घाम. शकुननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला आज कुणाला शिवायचं नव्हतं, हे तिच्या ध्यानात होतं. ते तिनं बाजूला ठेवलं.

"तू इथं कशी?" तो पुटपुटला.

"बोलू नका. मामाजी, दूध पायजे. आमच्या गल्लीत दूध पाजत. जे प्याले ते वाचले."

द्रोणवाल्या मुलीच्या आईची शेळी बांधावरच चरत होती. त्या बाईनं काही न विचारता शेळी ओढून आणली आणि तिथंच धार काढली. पहिलं दूध गोवर्धननं तसंच बाहेर टाकलं, हिरवट फेसासकट. शकुननं तोंड पुसलं आणि पुन्हा पाजलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा तिनं घोट घोट पाजलं, एका घोटानंतर शंभर मोजून दुसरा. नत्थुजी चाकाला टेकून बसले होते. ते तिच्याबरोबर मनात मोजत होते; ओठ हलत होते.

बांधावर पुन्हा काम सुरू झालं. टोपल्या वर जात होत्या, खाली येत होत्या. तिसरं दूध पोटात राहिलं.

"राहिलं का?" नत्थुजींनी विचारलं.

"आतापर्यंत तं राहिलं."

दिवस कलायला लागला तेव्हा त्याच्या कपाळाचा घाम वाळला आणि हात गरम लागले. शकुननं पहिल्यांदाच पाठ टेकली. द्रोणवाली मुलगी अजून जवळपास घोटाळत होती. तिची नजर गाडग्यावर होती.

"त्याच्यात पन जहर आहे का?" तिनं विचारलं.

शकुननं नत्थुजींकडं पाहिलं. नत्थुजी गाडग्याकडं बघत राहिले. ते दोन कोस त्या सुनेच्या डोक्यावरून आलं होतं, तिच्या छातीशी धरलेलं होतं. त्यांनी दोरी सोडली, एक फोड काढली आणि दात नसलेल्या हिरड्यांनी बराच वेळ चघळली.

"नाई," ते म्हणाले. "हे बेस आहे. आन तुहा द्रोण. तुह्या मायलेही बोलाव."

गावाच्या शिवेवर, आंब्याच्या पाराशी, मनकर्णाबाई दुपारपासून बसल्या होत्या. गंगूबाई त्यांच्याजवळ होत्या. सूर्य खाली गेला तेव्हा वाटेवर गाडी दिसली. मनकर्णाबाई उठल्या, डोळ्यांवर हात धरला. बैलांच्या पुढं नत्थुजी चालत होते. गाडीत शकुन बसलेली दिसत होती. तिसरं डोकं दिसत नव्हतं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. दोनच.

गाडी सावकाश येत होती, फार सावकाश. गंगूबाईंनी मनकर्णाबाईंचा दंड धरला. गाडी पारापाशी आली. नत्थुजींनी बैल थांबवले. कुणी बोलायच्या आधी गाडीच्या तळातून, भाजीच्या रिकाम्या टोपल्यांमधून, बारीक आवाज आला.

"माय, दूध सोडून काही खाले असन तं सांग. दिवसभर शेयीचं दूध पाजून राहिली हे."

मनकर्णाबाईंनी टोपल्या बाजूला सारून पोराचं तोंड पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून सुनेकडं गेल्या आणि हात पुढं केला.

शकुननं रिकामं गाडगं सवयीनं खाली ठेवायला घेतलं.

"खाली काहून ठेवते?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "इकडं दे."

त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं. बोटाला बोट लागलं. त्यांनी गाडगं तोंडाजवळ नेऊन आत वास घेतला. मोहरीची झणक अजून तशीच होती. डोळ्यांत पाणी आलं.

"शिवली ना वं तिले," गंगूबाई हळूच म्हणाल्या. "आता आंघोय करा लागन तुले."

"करीन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आधी पोराले मऊ भात टाकतो. अन् तो गंज गोठ्यात नेऊन ठेवा. बैलायच्या पान्याले होईन."